तडजोडीवर माझी सही

“साहेब, अर्जदार फुकट, वकीलही फुकट. एकीला सरकारनं सवलतीत शिकवलं, दुसरीला सरकारनं सवलतीत वकील दिला. आता आम्ही यांच्यापुढं काय बोलावं?”

असं भर कोर्टात बोलले. बोलणारे समोरच्या बाजूचे, जिल्ह्यातले नावाजलेले वकील होते. साठीच्या पुढचे. निम्म्या वकिलांना त्यांनीच हाताखाली तयार केलेलं. सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे.

कोर्ट हसलं. बाकावरचे वकील हसले. टायपिस्ट हसला. दारातला शिपाई तोंडावर हात ठेवून हसला. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी मान खाली घालून कागद चाळले.

आणि मी हसले.

हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं ऐकताना कुणाला वाटेल, ही बाई पहिल्यापासून ताठ होती. मी ताठ नव्हते. सगळे माझ्यावर हसत होते आणि मी त्यांच्यात सामील झाले. त्यांनी हसायचं थांबवल्यावर मी थांबले.

माझ्या मागं माझी पक्षकार उभी होती. चंद्रकला तिचं नाव. तिनं मला हसताना बघितलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा बाप जालन्याच्या मोंढ्यात पोती वाहायचा. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतली मी पहिली वकील. औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकले, सनद घेतली, परत आले. जालन्यातच मस्तगड भागात एका वकिलाच्या ऑफिसात जागा मिळाली. काम म्हणजे टायपिंग करायचं, तारखा मागायच्या, सीनियरला उशीर झाला की “येत आहेत साहेब” म्हणून उभं राहायचं. माझ्या नावावर एकही पक्षकार येत नव्हता. लोक ऑफिसात यायचे, आत बघायचे, “वकीलसाहेब कधी येतेत?” म्हणायचे. मी समोर बसलेली असायचे.

गरिबांना फुकट वकील द्यायची सोय नवीनच सुरू झाली होती. त्या यादीत मी नाव घातलं. सेवा करायची म्हणून घातलं, असं सांगितलं तर खोटं होईल. दुसरं कुणी येत नव्हतं म्हणून घातलं.

कौटुंबिक न्यायालय आमच्याकडं नव्हतं. सोडलेल्या बायका पोटगी मागायला मॅजिस्ट्रेटपुढं यायच्या. चोरीच्या, मारामारीच्या, दारूच्या केसेस चालायच्या आणि त्यातच मधे एका बाईचा पुकारा व्हायचा. पहिली केस मला मिळाली ती चंद्रकलाची.

वाटूरजवळच्या एका खेड्यात तिचं सासर. मोठं घर, ओलिताची जमीन, दारात ट्रॅक्टर, सासऱ्याकडं गावची सरपंचकी. हिचं माहेर मात्र गरीब. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि हिला मारून बाहेर काढलं. ती जुन्या जालन्यात भावाकडं येऊन राहिली. भाऊ कापडाच्या दुकानात नोकर. ही एका टेलरकडं मशीनवर ब्लाऊज शिवायची. चांगली शिवायची.

पहिल्या भेटीत तिनं विचारलं, “मॅडम, आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं.

मग तिनं हातातली कागदाची पिशवी टेबलावर ठेवली. आधी ती माझ्या हातात द्यायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ कोर्टातल्या बाबूकडं गेला. मी पलीकडच्या खिडकीपाशी उभी होते, त्याला माहीत नव्हतं.

“साहेब, दुसरा वकील न्हाई का देता येत? आपल्यातला?”

बाबू म्हणाला, “फुकटात निवड नसते.”

असं करून ती माझ्याकडं राहिली. वरचे मला कमी लेखत होते आणि जिच्यासाठी उभी राहिले तीही. मला राग यायला पाहिजे होता. मला फक्त लाज वाटली. जणू आडनाव म्हणजे माझीच काहीतरी चूक.

वकिलांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. भोवतीच्या खुर्च्या ठरलेल्या. कुणी पाटी लावली नव्हती, पण ठरलेल्या. मी भिंतीकडच्या बाकावर बसायचे. तिथं पक्षकारही बसायचे. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. कुणी ये पण म्हटलं नाही.

चौथ्या की पाचव्या तारखेला दादासाहेबांनी हाक मारली.

“ए पोरी, इकडं ये.”

मी गेले. त्यांनी पायानंच एक खुर्ची माझ्याकडं सरकवली. “बस.”

मी बसले. पायानं सरकवलेल्या खुर्चीत बसले. त्यांनी चहा सांगितला. कपबशीत आला. चार वकील इकडंतिकडं बसलेले, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

“तुझी केस चांगली आहे,” दादासाहेब म्हणाले. “पण जिंकून त्या बाईचं काय व्हायचं? भाऊ किती दिवस सांभाळील? नवरा नांदवायला तयार आहे. घर मोडायला आपण वकील झालो का?”

कागद टाइप होऊन तयार होता. तडजोडीचा. नवरा बायकोला नांदवायला तयार आहे. मारहाण करणार नाही. अर्जदार स्वखुशीने नांदायला जात आहे. सबब अर्ज निकाली काढावा. खाली तिघांच्या सह्यांची जागा सोडलेली, चौथी माझी.

मी कागद घेऊन व्हरांड्यात आले. चंद्रकला भिंतीला टेकून उभी होती, शेजारी भाऊ.

मी वाचून दाखवलं नाही. थोडक्यात सांगितलं.

ती म्हणाली, “मला न्हाई जायचं.”

“त्यांनी लिहून दिलंय.”

“मॅडम, ते मारतेत.”

“आता कोर्टासमोर लिहून दिलंय ना. लिहून दिल्यावर कोण मारतं?”

“तुम्हाला म्हाईत न्हाई ते घर.”

भाऊ मधेच म्हणाला, “जाय आता. मॅडम सांगून राह्यल्या, त्यांला कळतं.” काही महिन्यांपूर्वी त्याला दुसरा वकील पाहिजे होता. आज त्याला माझ्यासारखी हुशार बाई दुसरी दिसत नव्हती. बहिणीचं ओझं घरातून जात होतं.

न्यायाधीशांनी त्यांचं काम केलं. त्यांनी तिला समोर बोलावून विचारलं, “बाई, स्वखुशीनं जाताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?”

तिनं माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. होकाराची.

ती म्हणाली, “व्हय.”

तिनं एकेक अक्षर जोडत सही केली. मी झरकन केली. बाहेर आल्यावर दादासाहेब चारचौघांत म्हणाले, “हुशार आहे पोरगी. पुढं जाईल.” त्या दिवसापासून मला टेबलाशी बसायला मिळालं. मी बसायला लागले. घरी जाऊन मायला सांगितलं की आज पहिली केस निकाली काढली. निकाली काढली, असाच शब्द वापरला.

पावसाळा गेला, थंडी पडली. एका रविवारी दुपारी वस्तीतली एक बाई तिला आमच्या दाराशी घेऊन आली. “वकीलबाईचं घर इचारून राह्यली व्हती.”

मी तिला ओळखलं नाही. तोंड वाळलेलं. डावा हात पदराखाली. मी म्हटलं, “या, बसा.” ती बसली आणि तिनं पदर बाजूला केला.

कोपराच्या खाली हात वाकडा जुळला होता. मनगट एकीकडं, बोटं दुसरीकडं. बोटं मिटत नव्हती.

“गोठ्यातल्या खुट्यानं मारलं,” ती म्हणाली. “गेल्ते त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणले, आमाला कोर्टात उभं केलं ना? दवाखान्यात न्हाई नेलं. गावातल्याच एकानं फळ्या बांधल्या. तीन महिने बाहेर न्हाई जाऊ दिलं. काल शेतात धाडलं, तशीच वाटूर फाट्यापर्यंत चालत आले. यष्टी धरली.”

“भावाकडं गेला नाहीत?”

“तिथूनच आले. तो म्हणला, तुझ्या वकिलानं सही केली ना, मंग तिलाच जाऊन सांग.”

मी विचारलं, “मशीन?”

तिनं हात वर धरायचा प्रयत्न केला. “कापड सरकवायला डावा लागतो, मॅडम.”

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, रडली पण नाही.

“मी लिहायवाचायला कच्ची. तुम्ही मान हलवली म्हणून मी व्हय म्हणले. मला वाटलं, शिकलेली हाये. पण तुम्ही तर त्यांच्यासंगं हसत व्हत्या.”

माझी माय आतून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, खाली बसली, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग मला विचारलं, “त्या कागदावर तुझी सही हाये?”

“हो.”

मायनं जन्मभर अंगठे दिले होते. मुकादमाच्या वहीत, दुकानदाराच्या वहीत, सरकारी फॉर्मवर. तिला कुणी कधी वाचून दाखवलं नाही. निदान घरात एक तरी वाचणारं असावं म्हणून तिनं मला शिकवलं. आणि मी एका बाईला न वाचलेल्या कागदावर सही करायला लावून आले होते.

मायनं चंद्रकलाला जेवायला वाढलं. ती जेवली, उजव्या हातानं भाकरी मोडताना तिला त्रास होत होता, ताट सरकत होतं. मायनं ताट धरून ठेवलं. मी दारात उभी राहिले. मायनं मला ताट वाढलं नाही. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्या तीन दिवसांत मला कळलं की माझा अपमान कोर्टात झाला तो खरा नव्हता. तो शब्दांचा होता, ऐकून विसरता आला असता. खरा झाला तो खुर्चीत बसल्यावर. एक कप चहा आणि एक खुर्ची, एवढ्यावर मी विकले गेले. आणि मी फक्त स्वतःला विकलं असतं तर एक वेळ ठीक. मी तिला देऊन टाकलं.

चौथ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं लिहून दिलं. नवीन अर्ज मी हातानं लिहिला, यादीवाल्या बाबूला सांगितलं की ही केस माझ्याच नावावर टाका. चंद्रकलाला मी आधी विचारलं, “दुसरा वकील पाहिजे असेल तर मी स्वतः जाऊन मागते.”

“तुम्हीच मोडलं,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा.”

मस्तगडच्या सीनियरना दोन दिवसांत कळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दादासाहेबांशी वाकडं घेऊन माझं ऑफिस चालत नाही. तुला समजतंय ना?”

मला समजत होतं. मी ऑफिसची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली आणि निघाले.

टेबलाशी पुन्हा बसले नाही. बाकावर चंद्रकलाच्या शेजारी बसून मी कागद लिहायचे. आणि प्रत्येक कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. पुन्हा पुन्हा. एकदा ती वैतागून म्हणाली, “कळलं मॅडम, एकदाच वाचा.” पण मी वाचत राहिले.

नवऱ्याची साक्ष निघाली तेव्हा उन्हाळा होता. कोर्टात गर्दी होती. दादासाहेब उठून म्हणाले, “साहेब, आम्ही आजही नांदवायला तयार आहोत.” तेच वाक्य, त्याच आवाजात. नवरा पिंजऱ्यात उभा, इस्त्रीचा पांढरा सदरा. मी उलटतपासणीला उठले.

“हिचा हात कसा मोडला?”

“पडली असंल.”

“कुठं?”

“गोठ्यात.”

“तुम्ही तिथं होता?”

“न्हाई. मी शेतात गेल्तो.”

“मग गोठ्यात पडली हे कुणी सांगितलं?”

त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली.

“दवाखान्यात कधी नेलं?”

“तिनं सांगितलंच न्हाई की दुखतंय.”

“तीन महिने एका घरात. फळ्या बांधलेला हात तुम्हाला दिसला नाही?”

त्यानं दादासाहेबांकडं बघितलं. दादासाहेब उठले. न्यायाधीशांकडं वळून, हात पसरून म्हणाले, “साहेब, आमच्या घरांत बायका नांदवतात. यांच्या वस्तीत आज एक, उद्या दुसरा. नांदणं म्हणजे काय, हे यांना कसं कळावं?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. एकच जण. मग दुसरा हसणार होता.

मी म्हटलं, “साहेब, हे वाक्य रेकॉर्डवर घ्यावं, अशी विनंती आहे. जसंच्या तसं.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मोठा नव्हता. पण दुसरा माणूस हसला नाही.

दादासाहेब माझ्याकडं वळले. “अगं पोरी, मी सहज बोललो.”

“सहज बोललात तेच घ्यायचंय, सर.”

टायपिस्टची बोटं मशीनवर थांबली होती. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, “वकीलसाहेब, शब्द मागे घ्या.”

“घेतले, साहेब.” इतक्या सहज, जणू कोटावरची धूळ झटकली.

“झालं, मॅडम? पुढं चला,” न्यायाधीश म्हणाले.

“नाही, साहेब. मी लेखी अर्ज देते.”

एक अर्ज माझ्या फाइलीत तयारच होता. आठवडाभर मी तो घेऊन फिरत होते, द्यायची हिंमत होत नव्हती. त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर मी दादासाहेबांचं वाक्य लिहून काढलं. अक्षर वाकडंतिकडं झालं. मग मी ते कोर्टात वाचलं. माझ्या मायबद्दलचं, आमच्या वस्तीतल्या एकूण एक बाईबद्दलचं वाक्य मी माझ्या तोंडानं, एकही शब्द न गाळता वाचलं.

मग कागद उलटा करून पुढची बाजू वाचली.

“मागील तडजोडीच्या वेळी अर्जदार नांदायला जाण्यास नाही म्हणत होती. तिला मारहाण होते हे तिनं मला सांगितलं होतं. मी तिचं ऐकलं नाही. कागद तिला वाचून दाखवला नाही. ‘स्वखुशीने’ हा शब्द खोटा आहे आणि त्याखाली माझी सही आहे.”

दादासाहेब हळूच म्हणाले, मला एकटीला ऐकू जाईल असं, “वेडी झालीस का? सनद जाईल.”

“जाऊ द्या,” मी म्हटलं. हे मी हळू म्हटलं नाही.

मागं वळून बघितलं. चंद्रकला उभी होती. ती बाजू मी तिला आठवडाभर आधी वाचून दाखवली होती. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “लिव्हा.” आताही ती हसली नाही, तिनं मान पण हलवली नाही. नुसती सरळ बघत होती. त्यापेक्षा जास्त मला तिच्याकडून काही मागायचं नव्हतं.

माझ्याविरुद्ध तक्रार झाली. पक्षकाराशी बेइमानी, वकिली धंद्याची बदनामी. दोन वर्षं चालली. सनद राहिली, नाव राहिलं नाही. पैसे देणारा पक्षकार माझ्याकडं फिरकेना. मी बापाच्या घरात, बापाच्या भाकरीवर राहिले. यादीतल्या फुकटच्या केसेस तेवढ्या येत होत्या. त्या मी घेत गेले.

चंद्रकलाला पोटगी मंजूर झाली. निकालात लिहिलं होतं की नांदायला नकार देण्यास अर्जदाराकडे पुरेसं कारण आहे. मी व्हरांड्यात उभं राहून तिला सगळा निकाल वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपर्यंत ती ऐकत राहिली.

“हे आधीच झालं असतं, मॅडम,” ती म्हणाली. आणि पायऱ्या उतरून गेली.

जुन्या जालन्यात तिनं एक खोली घेतली आहे. शिवणकाम सुटलं ते सुटलंच. वाकड्या हाताखाली कापड दाबून धरते आणि उजव्या हातानं गुंड्या, हुक लावते. डॉक्टर म्हणाले होते, हाड परत मोडून बसवावं लागेल. ती नको म्हणाली. परत मोडायचं नाही म्हणाली. दादासाहेब म्हातारे झाले, घरी बसले. त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसतो.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. मी चंद्रकलाची माफी मागितलेली नाही. बऱ्याच जणांनी सांगितलं, मागून टाक, मोकळी होशील. माफीनं तिचा हात सरळ व्हायचा नाही. मोकळी मीच होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

मी नियम केला आहे. नवरा बाहेर, भाऊ बाहेर, बाप बाहेर. बाई एकटी आणि मी. कागद वाचायचा, पुरा. ती हो म्हणाली तर विचारायचं, का. ती नाही म्हणाली तर विचारायचं नाही, ‘नाही’ असंच लिहायचं. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला आणि तिनं माझ्याकडं बघितलं, तर मी माझी मान हलू देत नाही.

उद्या अकरा वाजता एका पोरीचा पुकारा आहे. वीस-एकवीस वर्षांची असेल. समोरच्यांनी कागद टाइप करून पाठवला आहे, नांदवायला तयार आहोत म्हणून. आज दुपारी मी तिला तो वाचून दाखवला. ती नाही म्हणाली.

उद्या मी उभी राहून तेच सांगणार आहे. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मी हसणार नाही.